पोथीआधी आचमन

सकाळचे सात, नदीचा घाट. ज्या पोथीवरून सासूने अक्षरं शिकवली, ती जीर्ण पोथी धुवट फडक्यात गुंडाळून यमुनाबाई घोलप पारिजातकाखाली खड्डा करत होत्या.

"पोथी मातीत पुरता?" देवस्थानचे अध्यक्ष भाऊसाहेब गरजले. "आणा इकडे, मी नदीत सोडतो!"

यमुनाबाईंनी पोथी छातीशी धरली. "सोडा की. पण विधी आहे, तर आधी याच पाण्याचं आचमन करा."

भाऊसाहेबांनी ओंजळ भरली. वास येताच नाक मुरडून ती ओतून दिली.

"तुमच्या तोंडाला जे चालत नाही, ते माझ्या पोथीला कसं चालेल, भाऊसाहेब?"

ते बाजूला झाले. पोथी मातीत ठेवून यमुनाबाईंनी हात जोडले, "तुझ्यामुळे वाचायला शिकले गं, माय."

घाटाच्या वरच्या अंगाला गावाचं गटार आजही नदीत पडतं. ते कुणाच्या परवानगीने, हे देवस्थान सांगत नाही आणि नगरपालिकाही नाही.