पाठमोरा लिंबाजी

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा तरवाडीच्या नदीवर पूल नव्हता आणि पूल होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. या काठाला तरवाडी, त्या काठाला बोरखेडी, आणि मधे एवढी रुंद नदी. इकडच्या लेकी तिकडे द्यायच्या, तिकडच्या इकडे आणायच्या, ही दोन्ही गावांची रीत. त्यामुळे लेक नांदायला जायची ती नदी ओलांडून, पहिल्या बाळंतपणाला यायची ती नदी ओलांडून, आणि तान्हं कुशीत घेऊन परत जायची तीही नदी ओलांडूनच. नाव एकच होती. नावाडीही एकच होता. लिंबाजी त्याचं नाव.

लिंबाजी कमी बोलायचा. त्याचं दिवसभराचं बोलणं एका ओंजळीत मावेल, असं म्हणतात. वल्हंसुद्धा असं मारायचा की काठावरची टिटवी उडत नसे.

आता वल्हवणाऱ्याची पाठ आपसूकच नावेच्या पुढच्या टोकाकडे असते. जायचा तो काठ त्याला दिसत नाही, सोडलेला काठ दिसतो. म्हणून बाळंतिणी नेहमी पुढच्या टोकाला बसायच्या. तिथल्या फळ्या तिरप्या वर गेलेल्या होत्या. पाठ टेकली की माणूस धड बसलेलं नाही, धड निजलेलं नाही, असं आरामात राही. तिथं पदराआड बाळाला पाजता येई. लिंबाजीनं एकदाही मान वळवली नाही. म्हणून तर दोन्ही गावांच्या बायका त्याच्या नावेत निर्धास्त पाय ठेवत.

पण कान काही पाठमोरे होत नाहीत. वर्षानुवर्षं लिंबाजी ऐकत होता. एखाद्या वेळी मागून चट चट असा आवाज यायचा आणि त्याबरोबर आईचं दातांवर दात दाबून ‘स्स’ करणं. बाळ थोडं प्यायचं, सोडायचं, चिडून रडायचं. एखाद्या वेळी मात्र चट चट नाही, काही नाही. नुसता एक घोट, जरा थांबणं, पुन्हा घोट. तेव्हा आईचा श्वासही सैल पडायचा. लिंबाजीला याचं नवल वाटायचं. एकदा जेवताना त्यानं बायकोला विचारलं.

त्याची बायको राही तोंडाची फटकळ होती. म्हणाली, “नावाडी आहात का सुईण?” पण मग तिनंच समजावलं. “चट चट वाजतं ना, तेव्हा पोराच्या तोंडात नुसतं बोंड आलेलं असतं. ते ओरबाडलं जातं, आईला कळ येते आणि पोराचंही पोट भरत नाही. तोंड भरून घेतलं की आवाज होत नाही.”

लिंबाजीनं मान हलवली आणि भाकरी मोडली. पण ते त्यानं मनात ठेवलं, आणि पुढंही जेवताना तो तिला एकेक गोष्ट विचारत राहिला.

एका वर्षी नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. तरवाडीची येसू पहिलटकरीण, माहेरीच बाळंत झाली होती. मुलगा झाला, पण त्याला पाजणं काही जमेना. अंगावर घेतला की रडायचा आणि येसूही रडायची. बोंडांना चिरा पडल्या होत्या. पोर वाळत चाललं, मग त्याचं रडणंही बारीक झालं. बारशाची वाट न बघता सासू भागूबाई बोरखेडीहून न्यायला आली. ठरलं असं, की पलीकडच्या काठावर पाय ठेवताच पोर थोरल्या जावेच्या ओटीत घालायचं. तिच्या अंगावर तान्ही मुलगी होती, दूध भरपूर होतं. आणि येसूच्या छातीला मोगऱ्याची फुलं बांधून तिचं दूध आटवून टाकायचं. जाऊ वाईट नव्हती. पण पोर एकदा तिच्या ओटीत गेलं की ते तिचं होणार, हे येसूला कुणी सांगायला नको होतं.

नाव निघाली. मागं राहिलेल्या काठावर येसूची आई उभी होती. ती लहान लहान होत जाताना लिंबाजीला दिसत होती.

भागूबाई मांडीवरच्या नातवाशी बोलत होती. “चल बाबा. काकीकडे पोटभर दूध आहे. तुझ्या आईकडे नुसती रड आहे.”

येसू म्हणाली, “आत्याबाई, एकदा घेऊ का त्याला? शेवटचं?”

“घे. पण काठ लागला की दे.”

मग लिंबाजीला तोच आवाज ऐकू आला. चट चट. मग येसूचं ‘स्स’. मग पोराची कुरकुर, मांजराच्या पिलाएवढी. नाव मधोमध आली होती. खालच्या अंगाला घोगरा डोह होता, ज्यात गेलेलं लाकूडसुद्धा वर येत नाही असं म्हणतात. तिथून वल्हं जोरात मारायचं असतं. पण लिंबाजीनं दोन्ही वल्ही पाण्यातून काढली आणि आडवी नावेत ठेवली.

भागूबाई घाबरली. “काय करतोस, लिंबाजी?”

लिंबाजी तसाच पाठमोरा बसून होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा नावेतल्या बाळंतिणीशी बोलायला तोंड उघडलं. “पोरी, तुझा आवाज खालून येतोय, तू वाकली आहेस. वाकू नकोस, मागं टेक आणि पोराला तुझ्याकडे आण. घाट कधी नावेकडे येतो का? नाव घाटाला लावायची असते.”

“बाळंतिणीचं तुला काय कळतं रे?” भागूबाई म्हणाली. “हिच्या अंगात दूधच नाही.”

“मला कळत काही नाही, वहिनी. ऐकू येतं तेवढं सांगतो. हिची चोळी भिजली आहे का ते तुम्ही बघा. मला दिसत नाही.”

भागूबाईनं पदर बाजूला करून बघितलं. चोळी ओलीचिंब होती. छाती दगडासारखी दाटली होती.

लिंबाजी म्हणाला, “दाटलंय म्हणून पोराच्या तोंडात मावत नाही. आधी हातानं थोडं काढ आणि नदीत सोड. मऊ पडेल.”

येसूनं हात नावेबाहेर धरला. दुधाचे थेंब पाण्यात पडले. आणि असं म्हणतात, की ते थेंब पडले तशी नदी थांबली. लिंबाजीच्या पायाखालच्या फळ्यांना पाणी घासत होतं, तो आवाज बंद झाला. फेस जागच्या जागी राहिला. वाहत आलेली बाभळीची फांदी नावेशेजारी येऊन उभी राहिली. नाव डोहाकडे तसूभरही सरकली नाही. कुणी म्हणतात, नाव वाळूच्या उंचवट्याला टेकली असेल. असेलही. पण उंचवट्यानं फेस थांबतो का?

लिंबाजी हळूहळू सांगत होता आणि येसू करत होती. पाठ तिरप्या फळीला टेकवली. भागूबाईनं न सांगता स्वतःची घोंगडी घडी करून तिच्या कमरेमागे सारली. पोराला येसूनं अंगावर असं घेतलं, की त्याचं पोट तिच्या पोटाला लागलं. “मान वळवून कुणाला पाणी तरी पिता येतं का?” लिंबाजी म्हणाला. “त्याचं तोंड, खांदा, कंबर, सगळं तुझ्याकडे असू दे. आता त्याचं नाक समोर आण आणि थांब. घाई नको. जांभईएवढं तोंड उघडलं की त्याला जवळ घे. हनुवटी आधी टेकू दे. नावेचंही टोक आधी टेकतं, मग कड लागते.”

पहिल्यांदा जमलं नाही. येसू पुन्हा कळवळली.

“ओढून काढू नकोस,” लिंबाजी म्हणाला. “करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून घाल, सोडव आणि पुन्हा लाव. मीसुद्धा नाव मागं घेऊन पुन्हा लावतो. त्यात काय?”

येसूनं पुन्हा लावलं. नदी उभी होती. दोन्ही काठ उभे होते. लिंबाजीनं डोळे मिटले आणि कान दिले.

चट चट नव्हती. नुसता एक घोट. जरा थांबणं. पुन्हा घोट. मग येसूनं सोडलेला लांब श्वास.

लिंबाजीनं डोळे उघडले. समोर दूरच्या काठावर येसूची आई अजून उभी होती. त्यानं तिच्याकडे बघून एक हात वर केला. मग वल्ही पाण्यात टाकली आणि पाणी पुन्हा वाहू लागलं.

पलीकडे घाटावर थोरली जाऊ ओटी पसरून उभी होती. पदराच्या टोकाला मोगऱ्याची फुलं बांधलेली होती. नाव लागली तशी ती पुढं आली. आणि जी सासू पोर काढून घ्यायला गेली होती तीच येसूच्या पुढ्यात उभी राहिली. घाटाकडे तोंड, सुनेकडे पाठ.

“थांब,” भागूबाई म्हणाली. “पोर पितंय.”

जाऊ थांबली. घाटावरचे गडी थांबले. भागूबाई पाठमोरी बघून त्यांनीही पाठी फिरवल्या. पोर पोटभर प्यालं, आपण होऊन सुटलं आणि झोपलं. तोवर कुणी हाललं नाही. मग जावेनं फुलांची गाठ सोडली आणि ती फुलं नावेच्या टोकावर वाहिली.

त्यानंतर दूरदूरच्या गावांहून बाळंतिणी नावेत येऊन बसू लागल्या. राही पुढच्या टोकाला बसून हातानं दाखवायची आणि लिंबाजी पाठमोरा बसून ऐकायचा. राही सांगायची, “माझ्या डोळ्यांपेक्षा यांचा कान बरा.” लिंबाजी कधी गेला ते कुणी पाहिलं नाही. एका सकाळी नाव घाटाला लागलेली होती, वल्ही ओली होती आणि नावेत कुणी नव्हतं. पोर पाजणाऱ्या आईच्या पुढ्यात तो अजून पाठमोरा बसलेला असतो, असं म्हणतात.

आता तिथं पूल आहे. त्या नावेची तिरपी फळी तरवाडीच्या घाटावर करंजाखाली दगडांवर बसवली आहे. दोन्ही गावांत कुणीही बाळंत झाली की आधी तिथं येते, पाठ टेकते, थोडं दूध नदीत सोडते आणि मग बाळाला घेते. बरोबरची माणसं पाठमोरी उभी राहतात. मोगऱ्याचे दिवस असले तर फळीवर फुलं ठेवतात.

एसटी पुलावरून जाते. गाडीत तान्हं रडायला लागलं आणि आईनं पदर सावरला, की एखादी म्हातारी ड्रायव्हरला हाक देते. तो मधोमध गाडी उभी करतो, इंजिन बंद करतो आणि समोर बघत बसतो. मागं गाड्यांची रांग लागते. परगावचा कुणी उतरून विचारायला येतो, काय झालं म्हणून. त्याला कुणी लिंबाजीची गोष्ट सांगत बसत नाही.

एवढंच सांगतात, “थांबा. पोर पितंय.”