होयचे बहुमत

रानात विधानसभा भरत असे त्या काळची गोष्ट. सशांच्या बिळांभोवतीचं काटेरी कुंपण काढावं, असा ठराव लांडग्याने मांडला.

नवी आमदार ससुली शेजारच्या हरणाला म्हणाली, "काका, आत माझी पिल्लं आहेत. 'नाही' म्हणा हो!"

"तू सुरुवात कर, बाई. मागे आम्ही आहोतच."

अध्यक्ष कासव म्हणालं, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

"होय!" एकटा लांडगा गुरगुरला.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

लांडग्याने सावकाश सगळ्यांकडे पाहिलं. ससुलीने हरणाकडे पाहिलं. हरणाला खोकला आला. सर्वांनी नकारार्थी माना तेवढ्या हलवल्या.

"आवाजी मतदानात माना मोजत नाहीत," स्वतःची मान आत ओढत कासव म्हणालं. "होयचे बहुमत. ठराव संमत."

संध्याकाळी बिळांतून "नाही! नाही!" असा आक्रोश उठला. तेव्हा सभागृह तहकूब झालं होतं.