जोडलेला दम

“पण तुम्हाला कळलं कसं?” हेमांगीनं विचारलं.

आम्हाला हुतूतू शिकवणारे जोमा मास्तर अजून डोळे मिटूनच बसले होते. माझ्या मोबाईलवरची फिल्म संपली होती.

“दम तुटत आला की आवाज बसतो,” ते म्हणाले. “तुझा बसला... आणि मधेच ताजा झाला.”

आता खोटं कशाला बोलू, जोड मीच मारला होता. हुतूतूची चढाई एका दमात करायची. हुतूतू म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, गडी शिवायचे आणि दम तुटायच्या आत मधल्या रेघेवर परत यायचं. हेमांगीनं तीन गडी शिवले. रेघ वीतभर राहिली आणि तिचा दम गेला. मी दुसऱ्या चढाईचा शेवट आणून तिथं चिकटवला. इतका बेमालूम, की वर्गात टाळ्या पडल्या.

फिल्म मंगोलियातल्या एका शाळेला जायची होती. त्यांनी आम्हाला मेंढीच्या हाडांचा नेमबाजीचा खेळ पाठवला होता, गोष्टीसकट. आमची गोष्ट हेमांगीच्या आवाजात. तिची आत्या मिठागरावर सुट्टीत हुतूतू कशी खेळायची, ती. सहा वाजता पाठवायची होती, आणि साडेचार झाले होते.

“मास्तर, सगळ्या तालुक्यातून माझी गोष्ट निवडलीय,” हेमांगी म्हणाली. “इतक्या लांबची माणसं मला पहिल्यांदा बघणार. ती काय बाद झालेली बघणार?”



“आणि तिकडे कुणाला कळणारेय?”

“ती पोरं तुझं बघून खेळणार ना गो?”

“हो मग!”

“लाव परत.”

मास्तर उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस. लुंगी गुडघ्यावर खोचली, टाचेनं मातीत रेघ ओढली. मी फिल्म लावली आणि तिच्या आवाजाबरोबर मास्तरांनी दम धरला.

हुतूतू... हुतूतू...

जोडापाशी मास्तरांचा आवाज घोगरा झाला. फिल्ममधली हेमांगी ताजीतवानी रेघेवर पोचली. मास्तर दोन पावलं अलीकडेच खोकत वाकले.

हेमांगी धावली. मास्तरांनी तिचा हात बाजूला केला, मैदानाबाहेर गेले आणि मांडी घालून बसले.

“मास्तर, पाणी आणू?”

“बाद झालोय.”

“अहो, उठा ना!”

“समोरचा गडी बाद झाल्याशिवाय उठता येत नाही. नियम आहे.”

“पण समोर आहे कोण?”

मास्तरांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवलं.

हेमांगीचा चेहरा लालबुंद झाला. रडते की काय, असं मला वाटलं. पण ती कुठली रडतेय! तिनं ओढणी कमरेला आवळली.

“पोरींना बोलव,” ती मला म्हणाली. “खरीच मारते. एका दमात.”

पोरी आल्या, मी मोबाईलवर फिल्म घ्यायला लागले. तिनं चढाई केली, दम तुटला. परत केली, परत तुटला. गुडघा फुटला. पाचव्या वेळी तिला धड बोलता येईना. मी म्हटलं, “बास कर, बाई.” तिनं ऐकलं नाही. मास्तर बाहेर बसूनच होते.

सातव्या वेळी ती रेघेपासून बोटभर अंतरावर पडली. हात पुढे, तोंडात माती. आवाज बंद.

सहाला दहा कमी होते.

ती तशीच पडून राहिली... मग म्हणाली, “हीच घे.”

“अगं, पण यात तू...”

“हीच. जोड नको, काही कापू नको. इकडे दे, मी बोलते.”

तिनं मोबाईल तोंडाशी धरला. धापा टाकत म्हणाली, “इथं माझा दम तुटला. मी बाद. अजून एवढंच राहिलं होतं.” आणि मोबाईल फिरवून ते बोटभर अंतर दाखवलं.

फिल्म गेली. मला वाईट वाटलं, खरंच सांगते. टाळ्यांची फिल्म मोबाईलमध्येच राहिली होती.

हेमांगी मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

“पाठवली, मास्तर. बाद झाले मी.”

मास्तरांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठले.

“बाजूला हो,” ते म्हणाले. “आता चढाई त्या लांबच्या पोरांची.”