होडीला दहापैकी चार

त्या अमावास्येला आभाळ विरजण लागल्यासारखं होतं. ना ऊन, ना सावली. वारा पडलेला. मठाच्या चुलीचा धूर वर जायचं सोडून चिंचेखालीच बसून राहिला होता.

“...पण चार दिले, तर माझं चुकलं का?” निनाद विचारत होता.

हैबतनाथ बाबा लसूण सोलत होते. ते सोलतच राहिले.

निनाद माझ्या पुतण्याचा मुलगा. पुण्यात असतो. व्हिडिओ गेम खेळायचे, त्यांच्यावर लिहायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे, ही त्याची नोकरी. खेळायचा पगार मिळतो हे गावात कुणाला खरं वाटेना. मलाही ते समजायला दोन दिवाळ्या लागल्या. पण पोरगं सरळ आहे. मठ माझ्या घराला लागून, मधे फक्त ती चिंच. म्हणून गावी आला की माझ्याकडं पिशवी टाकतो आणि बाबांकडं जाऊन बसतो.

त्यानं बाबांना सगळं सांगितलं होतं. बार्शीच्या दोघी बहिणींनी मिळून एक गेम केला होता. एका नावाड्याचा. नदीकाठी बसायचं, माणसं आली की होडीतून पलीकडं सोडायची. एवढंच. आईच्या शिवणाच्या खोलीत बसून दोघी कित्येक वर्षं त्यावर राबल्या होत्या. निनादचं लिहिणं त्याच रात्री पाठवायचं होतं. तो म्हणाला की आता लोक लिहिलेलं वाचत नाहीत, आकडा बघतात. चार दिसला की पुढं सरकतात. म्हणजे त्या दोघींची होडी काठावरच बुडाली.

“मग पाच दे,” मी म्हणालो.

त्याला ते लागलं. म्हणाला, आजोबा, मी दया येऊन गुण देत नाही. मला जे खरं वाटतं तेच देतो, म्हणून तर लोक माझ्यावर भरवसा ठेवतात. गेम किती पाण्यात आहे, ते मला पहिल्या तासातच कळतं.

“मग मला कशाला विचारतोस?” बाबा म्हणाले.

निनादनं खाली पडलेलं लसणाचं साल उचललं.

“झोप लागत नाही, बाबा.”

बाबांनी सोललेला लसूण पाट्यावर ठेवला आणि उठले.

आमच्या मठात अमावास्येला येसराची आमटी असते. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ. ते फोडणीच्या पाण्यात कालवून शिजवायचं. नाथांना नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चव बघत नाही. मीठ, मिरची सगळं वासावर आणि अंदाजावर. नैवेद्य झाला की पहिली वाटी माझी. मी चव सांगतो आणि मग पंगत बसते. माझे केस काळे होते तेव्हापासूनची ही रीत.

आतली घंटा वाजली. बाबा नैवेद्याचं ताट ठेवून तसेच पत्रावळ्या मांडायला पलीकडं गेले. वाटी मला निनादनंच भरून दिली.

मी फुंकर घालून घोट घेतला. कान तापले. डोळ्यांतून पाणी आलं.

“तिखट झालीय.”

“फार?”

“फार.”

त्यानं पुढं विचारलं नाही. बाजूच्या चुलीवर हंड्यात कढत पाणी होतं. तांब्या बुडवला आणि आमटीत ओतला. मी हां हां म्हणेपर्यंत पुन्हा ओतला. आणि पुन्हा. मग मला हाताला धरून पंगतीला बसवलं, म्हणाला, झाली सगळ्यांची सोय.

वाढप झालं. गोदामायनं भाकरी कुस्करली. गोदामायला आमच्या गावात सरपंचही उलट बोलत नाही. तिनं एक घास घेतला, चावला, गिळला, आणि सावकाश विचारलं, “बाबा, आज जेवायचंय का पाय धुवायचेत?”

पंगत हसली. निनादचं तोंड एवढंसं झालं.

बाबांनी पातेल्यात पळी फिरवून वर उचलली. आमटी पळीवरून पाण्यासारखी पळाली.

“पाणी कुणी घातलं?”

“मी,” निनाद म्हणाला. “आजोबा म्हणाले, फार तिखट झालीय.”

“गेनू खोटं बोलत नाही.”

“मग?”

“गेनूला काकडीसुद्धा तिखट लागते.”

पंगत परत हसली. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, आमची ही होती तोवर आमच्या घरात कालवण दोन भांड्यांत शिजायचं. एक माणसांचं आणि एक माझं.

निनाद मात्र हसला नाही. म्हणाला, “मग पहिली वाटी यांनाच का देता? ज्यांची जीभच...”

पुढचं त्यानं गिळलं.

“भरवशाची जीभ आहे,” बाबा म्हणाले. “कधी बदलली नाही. गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं की मी पंगत बसवतो.”

निनाद एकदा माझ्याकडं बघे, एकदा पातेल्याकडं.

बाबांनी आणखी येसर कालवून आमटीत सोडलं, मिरची घातली, लाकूड आत सारलं. पंगत तशीच बसून राहिली. कुणाला कुठं जायचं नव्हतं. गोदामायनं सुनेच्या माहेरचं काहीतरी काढलं आणि सगळे त्यात रमले.

चुलीपुढून बाबा म्हणाले, “तोवर ती होडी गेनूला दाव.”

निनादनं पिशवीतून लॅपटॉप काढून माझ्या मांडीवर ठेवला. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. माझं बोट जाड, दोनदा होडी भलतीकडं गेली. मग जमलं.

नदी होती. कडेला बाभळी. नावाडी काठावर बसलेला. कुणीच येईना. पाण्यावर एक बगळा उतरला, उडाला. पुन्हा कुणी नाही. निनाद बाजूला बसून पाय हलवत होता. म्हणाला, बघा, हे असंच आहे, काही घडतच नाही. मी म्हटलं, अरे, भरउन्हाची वेळ दिसतेय, या वेळेला कोण येणार. उन्हं कलली की येतील.

आणि आली की. एक बाई आली, बरोबर बकरी. बाई होडीत बसली, बकरी बसेना. काठावरच पाय रोवून उभी.

“त्या बहिणींना म्हणे इथंच सगळ्यांत जास्त वेळ लागला बनवायला,” निनाद म्हणाला. “या बकरीला. मी इथंच गेम बंद केला होता.”

माझं लक्ष बकरीकडं.

पंगतीत आमटी वाढून झाली. मला कुणीतरी हाक मारली. परत मारली.

“आजोबा, दहापैकी किती द्याल?”

“गुण कसले? थांब की. बकरी अजून अलीकडंच आहे.”

निनादनं पाय हलवायचे थांबवले. बऱ्याच वेळानं उठला आणि बाबांसमोर जाऊन बसला.

“मग माझे चार खोटे?”

“तुझे चार खरे आहेत.”

“मग लोकांनी त्यांवर किती भरवसा ठेवायचा, बाबा?”

बाबांनी त्याच्या पत्रावळीवर भाकरी वाढली. वर आमटी घातली.

“त्यांना तुझी जीभ ठाऊक आहे का?”

...

त्या संध्याकाळी निनाद चिंचेखाली बसून लिहीत होता. झाल्यावर त्यानं मला वाचून दाखवलं. चार त्यानं चारच ठेवले होते. पण अगदी वर, सगळ्यांच्या आधी, लिहिलं होतं: मला थांबता येत नाही. रांगेत येत नाही, सिग्नलला येत नाही, खेळातही येत नाही. बकरी होडीत चढेना तेव्हा मी हा गेम बंद केला. माझे आजोबा तिथून उठायला तयार नव्हते. त्यांची आमटी निवली.

मी म्हटलं, आमटीचं कशाला लिहिलंस. तो म्हणाला, राहू दे.

पुढं त्याचा फोन आला. बार्शीच्या त्या दोघींतल्या थोरलीनं त्याला कळवलं होतं की चार बघून आधी राग आला, मग वरचं वाचून दोघी हसल्या. माणसं येतायत म्हणाली. एकदम नाही. नावाड्याकडं येतात तशी, एकेक करून. चार गुण बघूनच कुणीकुणी आलेत, कारण त्यांना थांबायला आवडतं.

मी विचारलं, झोप लागते का?

लागते म्हणाला.

पुढच्या अमावास्येला आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. धूर सरळ वर चाललेला. नैवेद्य झाला. लोक पत्रावळ्यांपुढं बसायला लागले. बाबांनी पहिली वाटी माझ्या हातात दिली. मी फुंकर घातली, घोट घेतला. आणखी एक घेतला. वाटी संपवली.

“बाबा, आज आमटी झकास झालीय.”

बाबांचा पळीचा हात तसाच थांबला. माझ्या डोळ्यांत त्यांनी नीट बघितलं. डोळे कोरडे होते.

मग त्यांनी पंगतीला हातानं थांबवलं आणि मला म्हणाले, “गेनू, ती मिरचीची वाटी दे इकडं. घालायची राहिली.”