डोहाच्या बदल्यात टेकडी

एका जंगलात, नदीच्या वळणावरील खोल डोहाकाठी, एक वयोवृद्ध पाणमांजर आपल्या गोतावळ्यासह राहत असे. त्या काळी डोहावर कोणाची सत्ता नव्हती. होत्या त्या केवळ पाळ्या. पहाटे चितळे पाणी पीत, उन्हे चढली की पाखरे उतरत आणि दिवस कलताना गवे येत. या पाळ्या कोणी ठरवल्या हे कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु कधी एखादा गवा पहाटेच आला, तर चितळांचे पिणे होईपर्यंत तो करंजाखाली निमूट उभा राही. हे पाणमांजराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे उत्तरेच्या डोंगरापलीकडून लांडगे आले आणि दक्षिणेच्या डोंगरापलीकडून तरस. आरंभी दोघांनीही मोठ्या अदबीने घोटभर पाणी आणि टेकायला वीतभर जागा एवढेच मागितले, आणि दोघे समोरासमोरच्या काठांवर बसले. मग दूर कोठेतरी, या जंगलात कोणीही न पाहिलेल्या एका टेकडीवरून, त्यांच्या भाऊबंदांची जुंपली. ती खबर येताच इकडे हेही एकमेकांवर गुरगुरू लागले. तरसांनी पाण्यावर पहारा बसवला. चितळे येईनाशी झाली. पाणमांजराची दोन बिळेही तरसांनी उकरून टाकली.

एके सकाळी लांडग्यांचा म्होरक्या येऊन म्हणाला, "आजोबा, पाण्याखालचा उतार तेवढा दाखवा. तरसांना हुसकावले की डोह तुमचा. पाळ्याही पूर्ववत."

"वचन देता?"

"नुसते वचन कशाला? रीतसर करार करू. चला वडाकडे."

वडाच्या खोडाला अंग घासून खूण ठेवायची, ही लांडग्यांची कराराची रीत. म्होरक्याने खोडाला अंग घासले. पाणमांजरानेही घासले; परंतु आपल्या उंचीप्रमाणे, अगदी मुळाशी.

काठावरची टिटवी खवचटपणे म्हणाली, "काय हो आजोबा, सोयरीक जमली वाटते? मानपान नीट ठरवून घेतलेत ना?"

"तुला ओरडण्याखेरीज दुसरे काही येते का?" पाणमांजर म्हणाले. जुने दिवस परत येणार, या एका विचाराने त्याचे मन इतके भरून गेले होते की शंकेला तेथे जागाच उरली नव्हती.

उतार म्हणजे पाण्याखालून या काठावरून त्या काठाला जाणारी खडकांची रांग. पाणमांजरांनी ती आजवर कोणालाही सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. लांडगे पलीकडे गेले, तरसांची दाणादाण उडाली, आणि महिन्याभरात चितळे पुन्हा पहाटे दिसू लागली.

मग तह झाला. मुलांनो, अठराव्या शतकातील इंग्रज-फ्रेंचांचे तह तुम्ही इतिहासात पाठ करता. हजारो कोस दूर पेटलेले युद्ध आपल्या भूमीवर लढले जाई, आणि येथे जिंकलेले ठाणे तिकडच्या एखाद्या किल्ल्याच्या बदल्यात परत दिले जाई. त्या ठाण्यात राहणाऱ्यांना विचारण्याची पद्धत नव्हती. हा तहही त्याच जातीचा. वार्ता आणली टिटवीने, आणि या वेळी तिचा आवाज मुळीच चढला नाही.

"आजोबा, तरसांनी जिंकलेली ती दूरची टेकडी लांडग्यांना परत मिळाली. तिच्या बदल्यात त्यांनी डोह तरसांना दिला."

पाणमांजर धावत वडाकडे गेले. लांडगे आणि तरस एकाच सावलीत पहुडले होते.

"आणि आपला करार?"

"होता ना," म्होरक्या जांभई देत म्हणाला. "पण तुमची खूण पडली मुळाशी. पावसात गेली ती धुऊन. आणि आजोबा, घरची टेकडी ती घरची टेकडी. तुम्ही समजूतदार आहात."

"आजोबांचा तो उतारही आता आम्हाला ठाऊक झाला बरे का," एक तरस म्हणाला, आणि बाकीचे मोठमोठ्याने हसले.

सूर्य मावळण्यापूर्वी पाणमांजरांनी डोह सोडला. खाली एक गुडघाभर पाण्याचा ओढा होता, तेथे त्यांनी बिळे केली. पिल्ले तेथे रमली. म्हातारे पाणमांजर मात्र रोज पहाटे उगाच जागे होई आणि चितळांच्या खुरांची चाहूल घेत बसे.

वर्ष सरले नाही तोच म्होरक्या धापा टाकत ओढ्यावर आला. "आजोबा, तह मोडला! तरस बेइमान निघाले. डोहाच्या मागच्या कपारीतली वाट तुम्हालाच ठाऊक. या, पुन्हा करार करू. या खेपेस मी तुम्हाला पाठीवर घेतो, खूण हवी तेवढी उंच करा!"

डोहाचे नाव निघताच पाणमांजराला पहाटेची चितळे आठवली.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "पुढचा तह कराल, तेव्हा मला शेजारी बसवाल?"

म्होरक्याला हसू आवरेना. "तहाला? अहो, तेथे तुमचे काय काम?"

"मग लढाईतही काही काम नाही," पाणमांजर म्हणाले, आणि पिल्लांना हाकारून मासे धरण्यासाठी पाण्यात उतरले.

तात्पर्य : ज्यांच्या तहात आपल्याला बसायला जागा नाही, त्यांच्या लढाईत आपण उभे राहू नये.