रेवणाच्या अक्षरातले तळे

एका राज्यात एक मठ होता. राजाने दान दिलेली गावे, राने, तळी त्या मठाच्या पोथीत उतरवलेली असत. पोथीत होते तोवर गाव होते, तळे होते. पान पुसले की तेही गेले. त्या मठाची रीतच तशी होती.

पोथी सांभाळत सारंगस्वामी. त्यांचे केस याच कामात पिकले. मग रेवण नावाचा तरुण लेखक आला आणि राजाने नव्या तळ्याचे दानपत्र त्याच्याकडून लिहून घेतले. वर भरसभेत म्हणाला, "असे अक्षर या मठात आजवर झाले नाही." सारंगस्वामींच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर म्हणजे? मग आपण इतकी वर्षे काय बोरू चघळत बसलो होतो? त्याच दुपारी त्यांनी सुरी घेतली आणि रेवणाचे पान खरवडून कोरे केले.

संध्याकाळी तळे नव्हते. बायका रिकाम्या घागरी घेऊन चिखलात उभ्या होत्या, गुरे हंबरत होती. स्वामींच्या बोटांवरचा शाईचा भुगा पाहून मठाधिपती एवढेच म्हणाले, "ज्याने खरवडले त्याने लिहावे. नाहीतर तळ्यामागून गाव जाईल."

पण लिहिणार काय? मत्सराच्या भरात स्वामींनी नुसते अक्षर पाहिले होते, मजकूर वाचलाच नव्हता.

ते तळ्याच्या सीमेवरच्या दगडाकडे गेले. दगड म्हणाला, "हद्द सांगतो. तुझे पिण्याचे पाणी दे." स्वामींनी कमंडलू रिता केला. मग ते राजाच्या साळुंकीकडे गेले. ती म्हणाली, "राजाचे शब्द सांगते. पान का खरवडलेस?"

"जळफळाट झाला म्हणून," स्वामी म्हणाले. त्यांची मान वर होईना.

उरले दान मोडणाऱ्यासाठीचे शापवचन. ते रेवणाने स्वतः रचले होते. त्याच्यापुढे हात पसरायचा म्हणजे मरणच, पण गेले. रेवणाने काही मागितले नाही. "लिहून घ्या, स्वामी," म्हणाला आणि सगळे सांगितले. त्याच्या चांगुलपणाचाही स्वामींना राग आला.

त्यांनी पान लिहिले, सुरेख लिहिले, आणि शेवटी रिवाजाप्रमाणे लेखकाचे नाव घातले: सारंग. तळे कोरडेच राहिले.

स्वामी पानाकडे बघत बसले. बाहेर हंबरणारे वासरू आता गप्प झाले होते. तेव्हा त्यांनी आपले नाव खरवडले आणि लिहिले, 'हे लेखन रेवणाचे.'

पाण्याचा आवाज मठापर्यंत आला. लोकांनी रेवणाला खांद्यावर घेतले. सारंगस्वामींना कुणी हाक मारली नाही. तरी त्या जयजयकारात त्यांनी आपला आवाज मिसळला, हळूच, सगळ्यांच्या मागून. असे गावाला पाणी मिळाले, आणि लिहिणाऱ्याला त्याचे नाव.