सुरीचे नवे घर

सुऱ्यांना जीभ होती, त्या काळातली ही गोष्ट. सगुणाबाई बुरुडणीची सुरी शहरातून नवी धार लावून परतली, ती हवेतच! "आता मी मखमली म्यानातच राहणार," तिने जाहीर केले. बाईने हौसेने तसे म्यान आणले.

सुरी दिवसभर ओले बांबू चिरायची आणि तशाच ओल्या अंगाने मखमलीत शिरायची. आठ दिवसांत तिच्यावर गंज चढला. लग्नघरची पाच सुपे संध्याकाळी द्यायची होती आणि सुरी पहिल्याच बांबूत अर्ध्यावर अडकली.

"काय महाराणी, झोप छान लागली वाटतं?" धार लावायचा जुना दगड हसला.

सुरी रडकुंडीला आली. "दगडोबा, बाई मला भंगारात टाकतील का हो?"

"गंज वरवरचा आहे, निघेल. पण पुन्हा त्याच बिछान्यात लोळलीस, तर मी तरी किती घासू?"

बाईने पाणी शिंपडून सुरीला दगडावर घासले. पाते पुन्हा लखलखले. पण आता राहायचे कुठे?

"माझ्यात राहा," अर्धा चिरलेला बांबू म्हणाला. "बाई तळाशी भोक ठेवील, पाणी निथळून जाईल."

सुरी ओशाळली. "मी तर तुला चिरलं!"

"म्हणून तर तुझं माप मला ठाऊक आहे."

सुपे वेळेवर गेली. दुसऱ्या दिवशी बांबूच्या म्यानातून कोरडी, लख्ख सुरी बाहेर आली. नव्या बांबूला टेकताच तिने हळूच विचारले, "दुखणार नाही ना रे?"

"सरळ चीर," बांबू म्हणाला, "मला सूप व्हायचंय."